शेवटच्या गटाचं चिंतन

स्वयंपाकीण पुतळीला आधी मुंग्या दिसल्या. चिकूच्या गोदामाच्या उंबऱ्यावरून लाल मुंग्यांची रांग आत चालली होती. एखादा चिकू फुटला असेल, असं म्हणून तिने दार ढकललं. दार हातभर उघडलं आणि अडलं. आत चिकूचे क्रेट एकावर एक रचलेले होते. त्यांच्या खालून, अगदी दारापाशी, दोन बूट बाहेर आले होते. बुटांत पाय होते.

सव्वाचारला डहाणू पोलीस ठाण्यात फोन वाजला. मोठे साहेब पोटनिवडणुकीच्या बंदोबस्तात पालघरला होते. ठाण्यात होती उपनिरीक्षक योगिता तामोरे. धाकट्या डहाणूच्या मच्छीमाराची मुलगी, नोकरीचं सातवं वर्ष. खून तिने याआधी दोन पाहिले होते, पण दोन्ही वेळा मोठे साहेब पुढे होते. तिने टोपी उचलली आणि हवालदार लडक्या धोडीला हाक मारली. धोडी तलासरीचा. सगळं ठाणं त्याला मामा म्हणायचं.

कैनाडच्या रस्त्याला, चिकूच्या मोठ्या वाडीत एक दुमजली बंगला होता. मे महिन्यात तिथे मुलांचं निवासी शिबिर भरायचं. आठवी ते अकरावीची बत्तीस मुलं, एकवीस दिवस. धंदा कसा उभा करायचा, माल कसा विकायचा, चार माणसांसमोर आपली कल्पना कशी मांडायची, ते शिकवायचे. बरीचशी मुलं मुंबईची, सहा-सात मुलं आश्रमशाळांतून निवडलेली. २०१८ हे शिबिराचं दुसरं वर्ष, आणि आज शेवटचा दिवस. साडेसहाला पालक येणार होते. फाटकावर झेंडूच्या माळा लावून झाल्या होत्या.

गोदाम बंगल्यापासून दोनशे पावलांवर, झाडांच्या गर्दीत.

"क्रेट हलवू या मामा. फोटो झाले."

चिकू ताजे होते. देठाशी पांढरा चीक अजून ओला होता. चार क्रेट उतरवेपर्यंत योगिताच्या बोटांना तो चिकटला. तिने रुमालाने पुसायला घेतलं, तर रुमालाचेच धागे बोटांवर बसले.

"पाण्याने जायचा नाही, मॅडम," धोडी म्हणाला. "तेल लावावं लागतं."

शेवटचा क्रेट निघाला.

माणूस पालथा पडला होता. पंचेचाळीसच्या आसपासचा, दणकट. डोक्याची मागची बाजू राहिलीच नव्हती. केस, हाड आणि रक्त यांचा लगदा झाला होता. एक घाव नव्हता, सहा-सात तरी असतील. शेजारी तराजूचं पाच किलोचं लोखंडी वजन पडलं होतं. त्याच्या कडीत केस अडकले होते. भिंतीवर खांद्याच्या उंचीपर्यंत शिंतोडे. मारणारा एकदा मारून थांबला नव्हता. माणूस पडल्यावरही मारत राहिला होता.

योगिताने पाहायला सुरुवात केली.

पाय उंबऱ्याशी, डोकं आत. दोन्ही हात पुढे पसरलेले, बोटं वळलेली, काहीतरी घट्ट धरल्यासारखी.

"पळणारा माणूस दाराकडे तोंड करून पडतो, मामा. हा उलटा पडलाय."

"आत येतानाच मारला असेल."

"मग घाव समोरून असता. का मागून?"

धोडी वाकून जमीन बघत होता. रक्तात अनवाणी पायाचे ठसे होते, लहान पायाचे, दाराबाहेर गेलेले. विचित्र ठसे. टाच आणि पावलाची बाहेरची कड तेवढीच उमटलेली. मधलं पाऊल कुठेच टेकलं नव्हतं. ठशांबरोबर रक्ताचे थेंब, चिकूच्या झाडांत शिरून पाचोळ्यात हरवलेले.

क्रेटच्या मागे नावाचा बिल्ला सापडला. *सुनिता भोये. गट आठ.*

---

शिबिराचे संचालक विपुल कोठारे व्हरांड्यात उभे होते. पन्नाशीचे, सडपातळ, आवाज मऊ. नुकतीच आंघोळ करून कार्यक्रमासाठी पांढरा झब्बा घातलेला. डोळे लाल होते. त्यांनी स्वतः योगितासमोर पाण्याचा ग्लास धरला. मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचं भारी घड्याळ होतं. पट्ट्याच्या कड्यांत टॉवेलचे पांढरे धागे अडकले होते. एरवी इतक्या नेटक्या माणसाच्या अंगावर तेवढंच काय ते विसंगत दिसलं.

"मेलेले गृहस्थ कोण?"

"उमेश नाबर. आमचे मुख्य प्रशिक्षक." त्यांनी डोळे टिपले. "हुशार माणूस. पण तापट. मुलांवर फार ओरडायचा. मी किती वेळा समजावलं."

"शेवटचं कधी पाहिलंत?"

"जेवताना, पाऊणला. दोन ते चार मुलांची विश्रांती असते. मी माझ्या खोलीत होतो. दार लावून, एसी लावून भाषण लिहीत बसलो होतो. एसीच्या आवाजात बाहेरचं काही कळत नाही. पुतळी ओरडत आली तेव्हाच बाहेर पडलो."

"गोदामात गेलात?"

"दारापर्यंत. आज पहिल्यांदाच. ते बूट बघितले आणि मागे फिरलो. आत पाय टाकायची हिंमत झाली नाही."

"सुनिता भोये कुठे आहे?"

कोठाऱ्यांनी लांब श्वास सोडला. "तेच सांगणार होतो. ती दुपारपासून दिसत नाही. मॅडम, वाईट वाटतं बोलायला. तलासरीकडची मुलगी. आम्ही प्रेमाने आणली, सगळं मोफत. पण डोक्यात राख. काल सगळ्यांसमोर उमेशला उलट बोलली."

"काय बोलली?"

"'तुम्ही बघत बसता,' असं काहीतरी. अर्थ मलाही लागला नाही."

भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक होतं. सहाला व्यायाम, आठला व्याख्यान. दोन ते तीनच्या रांगेत लिहिलं होतं: *शेवटच्या गटाचं चिंतन.*

"हे काय?"

"रोज गटांची स्पर्धा असते. जो गट शेवटी येतो तो एक तास आपल्या चुकांवर विचार करतो. अपयश पचवायला शिकलं पाहिजे ना. ते उमेशच बघायचा, गोदामात. तिथे शांतता असते. आज गट आठ शेवटी होता."

"गट आठमध्ये सुनिता, आणि?"

"अजून तिघं."

बोलता बोलता त्यांनी एक जाडजूड फाईल पुढे केली. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाकडून गोपनीयतेचा करार करून घेतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. शिबिरात जे घडेल ते बाहेर बोलायचं नाही. मोठ्या कंपन्यांत असंच असतं, मुलांना सवय लागते. बत्तीस करार, बत्तीस सह्या. काही सह्या शाळकरी अक्षरात, पूर्ण नाव लिहून.

योगिताने फाईल धोडीकडे दिली.

---

मुलं हॉलमध्ये बसवली होती. उकाड्याने जीव नकोसा झाला होता, तरी सगळ्यांच्या पायांत मोजे आणि बंद बूट. गट आठमधला नविन दोशी उठून आला. मुलुंडचा, सतरा वर्षांचा. उंच मुलगा, पण चालताना पावलं बाहेरच्या कडेवर टाकत होता. काट्यांतून चालावं तसा.

"दोनला तू कुठे होतास?"

"खोलीत. बोलावणं येण्याची वाट बघत."

"कशाचं बोलावणं?"

"चिंतनाचं. एकेकाला बोलावतात. आधी सुनिता गेली. मग कोणी बोलवायला आलंच नाही."

"चिंतनात काय होतं?"

नविनने हॉलच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोठारे उभे होते, हात जोडून, मान खाली घालून.

"मला काही सांगता येणार नाही."

गट आठमधल्या उरलेल्या दोघी मुलींनीही तेच सांगितलं. शब्द तेच. "मला काही सांगता येणार नाही."

स्वयंपाकघरात पुतळी जमिनीवर बसली होती.

"दुपारी काय करत होतीस, मावशी?"

"वाटण वाटत होते. रात्री पालक जेवणार ना. दोन वाजून गेले आणि लाइट गेली. मिक्सर बंद. मग पाटा काढला. खांदे भरून आले नुसते, तवा लाइट आली. तीन वाजून वर वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील."

"जनरेटर नाही?"

"आहे की, शोभेला. आठवडा झाला बंद पडलाय."

"कोणी आलं-गेलं?"

"पाट्याचा आवाज मोठा. मागचं दार बंद."

"उमेश सर कसे होते?"

पुतळीने पदर तोंडाला लावला. "ओरडायचे फार. पण मला कधी वाकडं बोलले नाहीत. रोज संध्याकाळी वाटीभर हळद-तेल कोमट करून मागायचे. गुडघे दुखत असतील. वाटी दुसऱ्या दिवशी धुऊन आणून द्यायचे."

"आणि कोठारे साहेब?"

"ते स्वयंपाकघरात येत नाहीत."

वाडीचा राखणदार भीमा बाहेर विहिरीपाशी उभा होता. पन्नाशीचा माणूस. सदरा उलटा घातलेला, शिवण बाहेर.

"आज चिकू कोणी उतरवले?"

"मीच. सकाळपासून."

"गोदामात कधी ठेवलेस?"

"नाही ठेवले. धुवायचे होते. इथे विहिरीवर, सावलीत ठेवले आणि दीडला घरी गेलो जेवायला."

"मग आत कोणी नेले?"

"मला नाही माहीत, बाई."

"परत कधी आलास?"

"चार." तो अडखळला. "घरी म्हातारीला बरं नाही."

योगिताने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. उलट्या सदऱ्यातून एक काळपट डाग वर आला होता, पंजाएवढा.

धोडीने त्याचा दंड धरला. "रक्त आहे, मॅडम."

"सोडा त्याला, मामा." ती भीमाजवळ गेली आणि आवाज खाली आणला. "तुझं घर दाखव. मी एकटी आत येते."

---

वाडीच्या कुंपणापलीकडे कुडाचं घर होतं. भीमाची बायको बुधीबाई दारात आडवी उभी राहिली. योगिताने टोपी काढून हातात घेतली आणि थांबली. बऱ्याच वेळाने बुधीबाई बाजूला झाली.

सुनिता घोंगडीवर पडली होती. सोळा वर्षांची, किरकोळ बांध्याची. डाव्या खांद्याचं हाड मोडून कातडीखाली वर आलं होतं आणि वरची कातडी फाटली होती. त्या बाजूचा शर्ट रक्ताने कडक झाला होता. पण योगिताची नजर खिळली ती पायांच्या तळव्यांवर. दोन्ही तळव्यांवर छडीचे वळ. काही ताजे, लाल, फुगलेले. काही जुने, पिवळे पडलेले.

"झाडाखाली पडलेली होती," भीमा दारातून म्हणाला. "उचलून आणली. पोलिसांना दिली तर तिलाच धरतील, म्हणून नाही बोललो."

योगिता जमिनीवर बसली. "सुनिता, हे कोणी केलं?"

"मला काही सांगता येणार नाही."

"का?"

मुलीच्या ओठांना कोरड पडली होती. "सही केलीय. बोलले तर बाबांना जेल होते."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. वेदनेने की भीतीने, कळायला मार्ग नव्हता. रुग्णवाहिका येईपर्यंत योगिता तिचा धड हात धरून बसली. लहानपणी बापाच्या होडीवर वादळात सापडल्यावर तिने असाच कोणाचा तरी हात धरला होता. कोणाचा, ते आज आठवेना.

रुग्णवाहिका गेली. धोडीने घसा खाकरला.

"मॅडम, माझ्या गावाकडची पोर आहे, मला बरं नाही वाटत. पण सरळ आहे. तो मास्तर पोरांना गोदामात नेऊन मारायचा. आज हिने वजन उचललं."

"आणि खांदा?"

"झटापटीत."

"मोडक्या खांद्याने तिने दहा क्रेट विहिरीवरून आत नेले? एकेक वीस किलोचा?"

धोडीने खिशातून वही काढली.

"तुम्ही महावितरणच्या कचेरीत फोन लावा. आज या भागात लाइट किती वाजता गेली आणि कधी आली, तेवढं विचारा. मिनिटासकट. आणि पालक आले की सगळ्यांना हॉलमध्ये बसवा. कोठारे साहेबांनाही."

---

सातला हॉल भरला होता. एका बाजूला पालक, दुसऱ्या बाजूला मुलं. सजवलेल्या व्यासपीठावर कोठारे बसले होते. मागे पितळी समई तेवत होती. एक-दोन पालक वकिलांना फोन लावत होते. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

"एका माणसाला आज ठेचून मारलंय," ती म्हणाली. "ते कोणी केलं, ते मी सांगणार आहे. मधे चुकले तर मला थांबवा.

"उमेश नाबर उंबऱ्याशी पाय आणि आत डोकं असे पडले होते. ते पळत नव्हते. दाराकडे पाठ करून, दार अडवून उभे होते. दाराबाहेर कोणीतरी पळत होतं आणि आतला माणूस त्याच्यामागे जाऊ बघत होता. नाबरांनी वाकून त्याचे पाय धरले. म्हणून घाव मागून, डोक्यावर, वरून खाली. त्यांची बोटं मेल्यावरही वळलेलीच होती.

"पळत होती सुनिता. तिचे ठसे बाहेर जाणारे आहेत, परत आलेले नाहीत, आणि मोडक्या खांद्याने क्रेट वाहता येत नाहीत. म्हणजे मारणारी ती नव्हे. मारणारा तिसरा."

"तिसरा कोण? तो राखणदारच ना," कोठारे मऊ आवाजात म्हणाले. "त्याच्या सदऱ्यावर रक्त आहे. मी स्वतः पाहिलं."

"रक्त सुनिताचं असणार. त्याने तिला खांद्यावरून उचलून नेलं. प्रयोगशाळा ते सांगेलच." ती वळली. "मारणाऱ्याने प्रेत झाकायला विहिरीवरचे क्रेट आणले. ते धुतलेले नव्हते. ताज्या चिकूचा चीक अंगाला लागला की साबण-पाण्याने जात नाही. इथलं शेंबडं पोरही तेल लावेल. भीमाने तर लावलंच असतं. मारणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने आंघोळ केली, अंग घासलं, कपडे बदलले. हात निघाले असतील. पण घड्याळाच्या पट्ट्याच्या सांदीत चीक राहिला आणि त्याला टॉवेलचे धागे चिकटले. कोठारे साहेब, आज तुम्ही गोदामाच्या आत पाय टाकला नाही म्हणालात. घड्याळ काढून द्याल?"

कोठाऱ्यांचा उजवा हात आपोआप डाव्या मनगटावर गेला. मग ते हसले.

"मॅडम, वाडीत राहतो आम्ही. चीक कुठेही लागेल. मी माझ्या खोलीत होतो."

"एसी लावून."

"हो."

"बाहेरचं काही ऐकू आलं नाही."

"सांगितलं ना तुम्हाला."

"मामा."

धोडीने कागद वाचला. "दोन वाजून आठ मिनिटांनी पुरवठा बंद. तीन वाजून बावीस मिनिटांनी सुरू."

"जवळजवळ सव्वा तास एसी बंद होता, साहेब. अंगाची लाही होत होती. खोलीत बसलेल्या माणसाला ते कळलं असतं. तुम्हाला कळलं नाही, कारण तुम्ही साडेतीनला परत आलात तेव्हा एसी चालू होता. तुम्हाला वाटलं, तो चालूच होता."

योगिता व्यासपीठाच्या आणखी जवळ गेली.

"आता कारण. रोज दोन ते तीन शेवटच्या गटाला एकेक करून गोदामात नेऊन तळव्यांवर छडीने मारत होते. चिंतन म्हणजे ते. तुम्ही म्हणालात, ते नाबर बघायचे. मग नाबर रोज संध्याकाळी वाटीभर कोमट हळद-तेल कोणासाठी मागत होते? मारणारा माणूस संध्याकाळी तेल लावत बसत नाही. कालच सुनिता त्यांना म्हणाली, तुम्ही बघत बसता. आज ते बघत बसले नाहीत. संध्याकाळी पालकांना सगळं सांगतो, असं ते तुम्हाला म्हणाले असतील. हा एक माझा अंदाज."

"पुरावा?" कोठारे उठले. आवाजातला मऊपणा गेला होता. "विचारा ना मुलांना. एकाने तरी तक्रार केलीय का?"

योगिताने फाईल उचलली आणि मुलांकडे वळली.

"या कागदांवर तुमच्या सह्या आहेत. तुम्हाला धंद्याचे कायदे शिकवले, त्यातला एक शिकवायचा राहिला. अठरा पूर्ण नसलेल्याचा करार हा करारच नसतो. आणि गुन्हा लपवायचा करार तर सज्ञान माणसालाही बांधत नाही. बोललात म्हणून तुम्हाला किंवा तुमच्या आईवडिलांना कोणी हात लावू शकत नाही. हे मी वर्दीत उभी राहून सांगतेय."

मग नविन खाली बसला. बुटाची नाडी सोडली. मोजा काढताना त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, कारण मोजा कातडीला चिकटला होता. त्याने तळवा वर केला.

पालकांत बसलेली त्याची आई उठली आणि तिथेच थिजली.

"कोठारे सर मारायचे," नविन म्हणाला. "उमेश सर नाही. आमच्या गटाला चार वेळा."

त्याच्या शेजारच्या मुलीने बूट काढला. मग तिच्या पलीकडच्याने.

कोठाऱ्यांनी मागची समई उचलली. तेल आणि ज्योती कापडी फलकावर सांडल्या. धोडी पुढे धावला, तोच समईचं जड पितळी बूड त्याच्या कपाळावर बसलं आणि तो गुडघ्यांवर आला. भुवईतून रक्ताची धार लागली. कोठाऱ्यांनी दुसऱ्यांदा हात उगारला. योगिता मधे शिरली. वार तिच्या बरगड्यांवर आला. आत काहीतरी कट्कन वाजलं. तिने समईसकट त्याचा हात काखेत दाबला आणि सगळं वजन टाकून त्याला व्यासपीठावरून खाली लोटलं. दोघं फरशीवर आपटले. त्याने तिच्या मनगटाला चावा घेतला, दात हाडापर्यंत गेले. तिने सोडलं नाही. बेड्या घालेपर्यंत तिच्या बाहीवर कोणाचं रक्त कोणतं, ते कळेनासं झालं होतं.

फलक पेटला होता. भीमाने विहिरीच्या पाण्याची बादली त्यावर ओतली.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिता बरगड्यांना पट्टा बांधून सरकारी दवाखान्यात गेली. सुनिताचा खांदा बसवला होता. उशाशी तिचे वडील हाल्या भोये बसले होते. पहिल्या जीपने तलासरीहून आले होते. मुलीची पावलं त्यांनी आपल्या गमछ्याने झाकली होती.

सुनिता आता सांगत होती. योगिता लिहीत होती.

"पाच-सहा छड्या बसल्या होत्या, तेवढ्यात उमेश सर आत आले. म्हणाले, बस झालं विपुल, आज मी सगळ्यांसमोर बोलणार. कोठारे सर हसले. मग त्यांनी वजन उचललं. मी त्यांचा हात धरला, तर ते माझ्या खांद्यावर बसलं. उमेश सरांनी मला दाराबाहेर ढकललं आणि स्वतः दारात उभे राहिले. पळ म्हणाले. मी पळाले. मागे आवाज येत होता. तो बराच वेळ येत होता."

हाल्याने पाण्याचा पेला पुढे केला. तिने घेतला नाही.

योगिताने वाक्य पूर्ण केलं. "तुझा जीव त्यांनी वाचवला. तसं लिहिते."

"हो. पण अजून एक लिहा."

"काय?"

"सरांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. रोज रात्री येऊन तेल लावायचे, रडायचे, आणि म्हणायचे, थोडे दिवस सहन कर, सर्टिफिकेट मिळेल, पुढे कामाला येईल." सुनिताचा आवाज सपाट होता. "त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं तर ते मेले नसते. मलाही इतकं लागलं नसतं."

योगिताचं पेन थांबलं. संध्याकाळी नाबरांची थोरली बहीण सावंतवाडीहून यायची होती. तिच्या हातात जबाबाची ही प्रत पडणार होती.

"हे लिहायलाच हवं का?"

सुनिताने तिच्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते, पण नजर हलली नाही.

"त्यांनी मला वाचवलं ते खरं आहे. आणि हेही खरं आहे. दोन्ही लिहा, मॅडम."

योगिताने दोन्ही लिहिलं.